प्रीकॅल्क्युलसचे अकरा पानी नियम

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी गप्प बसून ऐकता आलं की झालं. मला ते फार छान जमायचं, कारण मी तासिका तत्त्वावरची होते. तासिका तत्त्वावरच्या माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची मिळते, मत मिळत नाही!

मैत्रिणी जमल्या की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "ए, ते ब्रिज कोर्सचं सांग ना." मग मी सांगते. कॉलेजचं नाव तेवढं सांगत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधे कुठंतरी, एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल, एवढं पुरे. बल्लारपूरला माहेरी जाताना मला अजून त्याच गावावरून जावं लागतं!

झालं असं की आमची बी.एस्सी. पहिल्या वर्षाची पोरं कॅल्क्युलसला धडाधड नापास व्हायला लागली. बारावी पास होऊन आलेली, पण फंक्शन म्हणजे काय विचारलं तर गॅदरिंगची तारीख सांगणारी! म्हणून ठरलं की कॅल्क्युलसच्या आधी अर्धं वर्ष प्रीकॅल्क्युलसचा ब्रिज कोर्स घ्यायचा. त्यात पास झाला तरच पुढे गणित. आणि ज्याची हजेरी पंचाहत्तर टक्के नाही, त्याला परीक्षेलाच बसायचं नाही, म्हणजे वर्ष गेलं.

या शेवटच्या नियमात आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी अडकली. प्रतिमा तिचं नाव. तिला गणितात एम.एस्सी. करून इथंच परत येऊन शिकवायचं होतं आणि तिचं वर्ष जायची वेळ आली होती. बाकीचं ऐकून खुशाल हसा, पण हे लक्षात असू द्या. माझ्या तर डोक्यातून ते एक दिवस गेलं नाही.

*

नियम तयार केले आमच्या विभागप्रमुख बोरकुटे सरांनी. म्हणजे केले असं ते म्हणायचे. खरं तर कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून, मोबाइलकडून मराठी करून घेऊन, वर आमच्या कॉलेजचं नाव टाकलेलं होतं. अकरा पानं! पहिल्या दिवशी सरांनी ती सगळी वर्गात उभं राहून वाचली. मी मागे उभी होते.

"नियम क्रमांक चौदा," सर वाचत होते. "हिमवादळामुळे वर्ग रद्द झाल्यास विद्यार्थ्यांना सकाळी सहा वाजण्यापूर्वी ई-मेलने कळवण्यात येईल."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. शेवटी राकेश नावाचा एक मुलगा उठला. सगळ्या वर्गाच्या शंका त्यालाच यायच्या.

"सर, हिमवादळ आलं का नाई, हे आमाले कसं समजन?"

सरांनी कागदावरून मान वर केली नाही. "ई-मेल येईल," ते म्हणाले आणि नियम क्रमांक पंधराकडे वळले.

दारात आमचे शिपाई मारोती भाऊ पाण्याचा जग घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "येऊ द्या ना मॅडम एकडाव. त्या दिवशी मी सुट्टी बी नाई मांगत."

सतरावा नियम होता की कॉलेजच्या आवारात गाडी लावण्यासाठी परवाना काचेवर चिकटवावा. दुसऱ्या दिवशी दोन पोरींनी येऊन विचारलं की सायकलला काच नसते, तर कुठी चिकटवाचं? सर म्हणाले, "जिथे ठळक दिसेल तिथे." त्या दिवसापासून आमच्या सायकल स्टँडवर मडगार्डवर परवाने चिकटलेले दिसायला लागले.

*

त्याच कागदात लिहिलं होतं की प्रत्येक विद्यार्थ्याकडे ग्राफिंग कॅल्क्युलेटर असणे बंधनकारक आहे.

हे यंत्र ग्राफ काढून दाखवतं आणि ते आमच्या पोरांच्या आवाक्यात नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी सरांना तसं सांगितलंही. सर म्हणाले, "मॅडम, दर्जा म्हणजे दर्जा." पोरं बिचारी बसस्टँडजवळच्या एकुलत्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेली आणि विचारती झाली, "काका, ग्राफिंग कॅल्क्युलेटर हाय का?"

त्या दुकानदारानं आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. "हाय ना!" तो म्हणाला. आत गेला आणि साधा कॅल्क्युलेटर, त्याच्यावर घडी घातलेले दोन ग्राफ पेपर आणि सगळ्याला एक रबरबँड लावून घेऊन आला. "हे घ्या. ग्राफ बी हाय अन् कॅल्क्युलेटर बी हाय."

पुढच्या तासाला सरांनी वर्गाला विचारलं, "ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणले सगळ्यांनी?"

"हो सर!" सगळ्यांनी रबरबँड लावलेली पुडकी वर धरली.

सरांनी नजर फिरवली, यादीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि दर्जा राखला गेल्याची नोंद झाली. महिनाभरानं मी खडू घ्यायला त्या दुकानात गेले तर दुकानदारानं मला हळूच सांगितलं, "मॅडम, पुढल्या वर्षी बी हाच कोर्स ठेवजा बरं का. मी पन्नास सेट बांधून ठेवले."

*

प्रामाणिकपणाचं एक वेगळं पान होतं. प्रत्येकानं स्वतःच्या हस्ताक्षरात प्रतिज्ञा लिहून द्यायची की मी या कोर्समधलं सगळं काम स्वतः करीन, कुणाचं बघून लिहिणार नाही.

प्रतिज्ञा मोठी होती आणि मोबाइलनं केलेलं तिचं मराठी असं की वाचताना जीभ अडखळायची. राकेशनं पहिल्यांदा लिहून पूर्ण केली. मग त्याचा कागद बाकावरून बाकावर फिरला. तासाभरात सगळ्या प्रतिज्ञा गोळा झाल्या, सरांनी न वाचता फाइलला लावल्या, फाइलवर 'प्रामाणिकपणा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कपाट बंद केलं.

दोन महिन्यांनी बाहेरून तपासणी समिती आली. समितीतल्या एका वयस्कर मॅडमनी नेमकी तीच फाइल उघडली. एक कागद वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. प्रत्येक कागदाखाली सही वेगळी होती, पण सुरुवात एकच होती, "मी, राकेश, अशी प्रतिज्ञा करतो की..." मुलींनीसुद्धा 'करतो'च लिहिलेलं!

मॅडमनी चष्मा काढून पुसला. बोरकुटे सरांना घाम फुटला होता.

"हा राकेश फारच प्रामाणिक दिसतो," त्या म्हणाल्या. "वर्गातला कुणीच त्याच्याबद्दल शंका घेत नाही."

*

ऑफिस अवर्सची गंमत तर मारोती भाऊंमुळे झाली.

नियमात होतं की शिक्षक रोज दुपारी दोन ते चार या वेळात आपल्या खोलीत बसतील आणि विद्यार्थ्यांच्या शंका सोडवतील. अडचण एवढीच की बोरकुटे सर राहायला नागपूरला. रोज अप-डाउन करायचे. रोज म्हणजे जमेल त्या दिवशी. आणि आले तरी त्यांची परतीची बस दीडला सुटायची. त्यामुळे दोन ते चार सरांच्या खोलीत पंखा फिरत असे, खुर्चीवर टॉवेल असे आणि सर उमरेडच्या आसपास असत.

पोरं शंका घेऊन यायची आणि परत जायची. मारोती भाऊंना ते बघवेना. त्यांनी एक जुनी वही घेतली, दाराशी स्टूल टाकून बसले आणि प्रत्येकाची शंका लिहून घ्यायला लागले. नाव, वर्ग, शंका. सगळं नीट. वर एक चिठ्ठी फाडून द्यायचे, तिच्यावर नंबर.

"शनिवारी येजा," ते सांगायचे. "साहेब शनिवारी नक्की येतेत. तवा उत्तर भेटन."

शनिवारी सर खरंच यायचे, त्याचं कारण पुढे सांगते. पहिल्याच शनिवारी मारोती भाऊंनी सरांसमोर वही ठेवली. एकेचाळीस शंका! सरांनी पानं चाळली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मारोती, यातल्या महत्त्वाच्या तेवढ्या वेगळ्या काढून ठेव."

आणि मारोती भाऊंनी काढल्या! दहावी नापास माणूस, पण तीस वर्षं गणित विभागाचे दरवाजे उघडले होते. सगळ्यात वरती त्यांनी एक शंका लाल पेननं लिहिली होती. ती शंका होती, "सर कधी भेटतील?"

*

गैरहजर राहिल्यास सक्षम अधिकाऱ्याचा लेखी पुरावा आणावा, असाही नियम होता. परदेशात पोरं गैरहजर राहतात ती सर्दीनं किंवा आजी वारली म्हणून. आमच्याकडे कारणं जरा मोठी असतात.

ऑगस्टमध्ये एका गावची चार पोरं दोन दिवस आली नाहीत, कारण रस्त्यावर वाघीण पिल्लांसकट बसली होती आणि एसटी अलीकडच्या फाट्यावरूनच वळत होती. पोरांनी वनरक्षकाचं पत्र आणलं की सदर मार्गावर वाघाचा वावर असल्याने नागरिकांना ये-जा करू नये असे सूचित केले होते. सही होती, शिक्का होता.

सरांनी पत्र उलटंपालटं केलं. "जावक क्रमांक नाही," ते म्हणाले. "परत न्या."

पोरं परत गेली, जावक क्रमांक टाकून आणला. सर म्हणाले, "यात वाघ आहे. तुम्ही वाघीण म्हणता." आता काय बोलायचं? पोरं तिसऱ्यांदा वनरक्षकाकडे गेली. त्यानं कपाळाला हात लावला आणि पत्राखाली एक ओळ वाढवली, "सदर वाघ ही मादी आहे." तेव्हा कुठं त्या चौघांचे दोन दिवस माफ झाले. या पत्रासाठी त्यांचे आणखी दोन दिवस बुडाले होते, त्या दिवसांना पुरावा नव्हता.

त्याआधी रोवणी, म्हणजे भातलावणी, झाली होती. धानाची रोवणी लागली की गावात हात कमी पडतात, तेव्हा अर्धा वर्ग बांधीतल्या चिखलात उभा असतो. पोलीस पाटलाचा दाखला आणायचा कुणाला सुचलं नाही. एक मुलगा बांधीतून सरळ वर्गात आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"पुरावा कुठे आहे?" सरांनी विचारलं.

त्यानं पाय पुढे केला. पोटरीपर्यंत चिखल वाळलेला होता.

"हा घ्या सर," तो म्हणाला. "अजून ओला हाय तिकडून."

सरांनी तो ग्राह्य धरला नाही, कारण फाइलला लावता येत नव्हता.

*

आता प्रतिमाचं सांगते. तिचे वडील नामदेव भाऊ गावच्या मामा तलावात मासे धरायचे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारांच्या काळातला तलाव, तो आता मच्छीमार सोसायटीकडे होता. प्रतिमा मागच्या बाकावर खिडकीशी बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. माझा एखादा तास तिनं चुकवला असेल तर रोवणीचे चार दिवस आणि एकदा ताप आला तेव्हा.

आठवड्याला दोन तास माझे होते, तीन बोरकुटे सरांचे. मी त्या दिवशी फंक्शन शिकवत होते. फळा भरून व्याख्या लिहिली. पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाची दुसऱ्या संचातल्या एका आणि एकाच घटकाशी जोडी, वगैरे. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी पोरांकडे. तिसऱ्यांदा सांगूनही कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी मी चिडून म्हटलं, "कुणाला तरी समजलं का रे?"

मागून प्रतिमाचा हात हळूच वर आला.

"मॅडम, मासोळ्या अन् जाळ्याचं हाय हे," ती म्हणाली. "एका जाळ्यात दोन मासोळ्या चालतेत. पन एक मासोळी दोन जाळ्यात नाई चालत."

मी खडू खाली ठेवला. व्याख्या तीच होती, शब्दाला शब्द! राकेश लगेच ओरडला, "अन् मॅडम, जाळं रिकामं रायलं तं?"

"चालते," प्रतिमा म्हणाली. "मासोळी सुटून नाई जाले पाहिजे."

त्या दिवशी सगळ्या वर्गाला फंक्शन समजलं. मी पुढे जिथं जिथं शिकवलं, तिथं तिथं मासोळ्या आणि जाळंच सांगत आले. पुस्तकातली व्याख्या मी नंतर सांगते, ज्याला हवी त्याच्यासाठी.

*

आणि त्याच प्रतिमाचं नाव सेमिस्टर संपताना डिफॉल्टर लिस्टमध्ये पहिलं आलं. नोटीस बोर्डावर, अधोरेखित! हजेरी पंचाहत्तरच्या कितीतरी खाली. म्हणजे हॉल तिकीट नाही, परीक्षा नाही, वर्ष गेलं.

मी हजेरीपट मागून बघितले. माझ्या पटात ती जवळपास रोज हजर. सरांच्या पटात जवळपास रोज गैरहजर. एकच मुलगी, एकच वर्ग, एकच बाक!

कारण मला माहीत होतं. शनिवारी सर यायचे ते आठवड्याचा हजेरीपट भरायला. सोमवार ते शुक्रवार जितके दिवस ते आलेले नसत, तितके तास ते शनिवारी एका बैठकीत पटावर घेऊन टाकत. चहाचा कप बाजूला, पेन हातात, डोळे छताकडे. "राकेश... हजर. तो असतोच. ती पुढच्या बाकावरची वेणीवाली... हजर. वाघवाले चौघे... हजर." चेहरा आठवला की हजर. मागच्या बाकावर खिडकीशी बसून न बोलणाऱ्या मुलीचा चेहरा कुणाला आठवतो!

मी धीर करून सरांकडे गेले. "सर, प्रतिमा रोज येते हो."

सर मनापासून हसले. "मॅडम, येत असती तर मला आठवली असती ना!"

माझ्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते, पण तेव्हा मी स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीवर बसले. प्रतिमा व्हरांड्यात उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

दोन दिवसांनी नामदेव भाऊ आले. हडकुळा माणूस, धुतलेला पांढरा सदरा, काखेत कागदाची एक लांब गुंडाळी. मागे प्रतिमा. प्राचार्यांनी बोरकुटे सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे प्राचार्य निवृत्तीला आलेले, इथलेच, कुणालाही न दुखवता उरलेली वर्षं काढू बघणारे.

"नियम स्पष्ट आहे," बोरकुटे सरांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. "पंचाहत्तर टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या दिवशीच वाचून दाखवलं होतं."

"बरोबर हाय साहेब," नामदेव भाऊ म्हणाले. "नियम पायजेच. आमच्या सोसायटीत बी खाडा मांडतो आमी."

त्यांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. भिंतीवरचं कॅलेंडर होतं. जुलैपासून कॉलेजच्या प्रत्येक दिवसाच्या चौकोनात निळ्या पेननं काहीतरी खूण.

"हे काय आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"सांगतो ना. आमच्या तलावावर रोज सकाळी मानसं पाळीवर, म्हंजे तलावाच्या बांधावर, जमा होतेत. डोंगा, म्हंजे नाव आली, तं जाळं टाकाले जाचं. मानूस आलाच नाई, तं त्याच्या नावापुढं फुली. तो त्याचा खाडा. पन मानूस पाळीवर आला अन् डोंगाच नाई आला, तं त्याच्यापुढं गोल मांडतो. तो खाडा मानसाचा नाई, डोंगेवाल्याचा. शंभर वर्सांपासून असंच हाय. मी पोरीचं बी तसंच मांडलं. रोज संध्याकाळी विचारून. पोरगी कालेजात आली, सर आले, तं बरोबरची खूण. घरी रायली, तं फुली. पोरगी आली अन् सरच नाई आले, तं गोल."

फुल्या पाच होत्या. गोल मोजवत नव्हते.

"साहेब, याला काय अर्थ आहे?" बोरकुटे सर प्राचार्यांकडे वळले. "भिंतीवरचं कॅलेंडर! यावर सक्षम अधिकाऱ्याची सही कुठे आहे?"

"सही नाई सर," नामदेव भाऊ शांतपणे म्हणाले. "खिळ्याचा छेद हाय."

प्राचार्यांनी कॅलेंडर जवळ ओढलं. सरांचा हजेरीपट शेजारी उघडला. एका हाताचं बोट कॅलेंडरवर, दुसऱ्या हाताचं पटावर. जुलै झाला, ऑगस्ट झाला. मग दोन्ही बोटं थांबली.

"बोरकुटे सर, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुम्ही तास घेतला?"

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी आमच्या भागात सगळी लेकरं लाकडी बैल घेऊन रस्त्यावर असतात आणि कॉलेजला सुट्टी असते. कॅलेंडरवर त्या चौकोनात काहीच खूण नव्हती. पटावर एकतीस हजर होते आणि प्रतिमा गैरहजर!

"तो... जादा तास होता," सर म्हणाले.

"कॉलेजला कुलूप होतं."

"मारोतीनं उघडून दिलं होतं."

मारोती भाऊ नेमके चहा घेऊन आत आले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"त्या दिवशी मी नातवाचा बैल वढून राह्यलो होतो, साहेब," ते प्राचार्यांना म्हणाले. "चौकात तुमचा नातू बी भेटला मले. त्याचा बैल आमच्याहून मोठा होता."

प्राचार्यांनी पट मिटला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं बघू नये, पण बघितलं.

"मॅडम, तुम्ही रोज इथेच असता. हे जे गोल आहेत, त्या दिवशी सरांचे तास झाले होते का?"

बोरकुटे सर माझ्याकडे बघून हसत होते, अगदी आपुलकीनं. प्रतिमा मात्र खाली, फरशीकडे बघत होती. माझ्या तोंडून कुठलं उत्तर येईल याची तिला काही आशाच नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "एकही झाला नाही."

प्राचार्यांनी ड्रॉवर उघडला. प्रतिमाचं हॉल तिकीट काढलं, सही केली, शिक्का मारला आणि तिच्यापुढे धरलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, पण बोरकुटे सर अजून खुर्चीत ताठ बसले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. नियम सगळ्यांना सारखा. ज्याची पंचाहत्तर टक्के हजेरी नाही, त्याचं वर्ष जाणार म्हणजे जाणार."

नामदेव भाऊ कॅलेंडर गुंडाळत होते. ते थांबले. त्यांनी परत एकेक पान उलटून बघितलं, गोलांवरून बोट फिरवलं, ओठांतल्या ओठांत मोजलं आणि त्यांचा चेहरा एकदम काळजीनं भरून आला.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले. "मंग सर, तुमचं तं वर्ष गेलं!"